वनस्पतीचा धागा आणि मधली वाट



गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी नेहमीची मंडळी जमली होती. कोणी तरी मिठाईचा पुडा आणला होता. तो ज्या पिशवीतून आला तिच्यावर एक हिरवे पान काढलेले होते आणि खाली छापले होते की, ही पिशवी वनस्पतीपासून बनविलेली आहे. पिशवी हातोहात फिरली. पिशव्यांच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा आमचा एक तरुण सभासद तेथे होता. त्याने ती चुरगाळून पाहिली, नाकाशी धरली आणि आम्हांला विचारले, "दादा, ही झाडाची असेल तर आमच्या मशिनवर हिचा धूर नाकात गेला तरी चालतो, असं समजायचं का?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना तो प्रश्न काही पाठ सोडीना. वस्तू झाडापासून झाली एवढे कळले म्हणजे तिच्याविषयी नेमके काय कळले, हाच तो प्रश्न. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या घरी बसून. तेव्हा कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्रावर का बोलावे, अशी शंका कोणाला आली तर ती वाजवीच आहे. आमचे उत्तर एवढेच की, रसायन प्रयोगशाळेतून बाहेर पडले म्हणजे प्रथम कामगाराच्या हाती येते. ग्राहकाची पाळी नंतर.

साखळी म्हणजे काय

प्लॅस्टिक, रबर, रेयॉन, नायलॉन, कापूस, लाकूड, भाताची पेज या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात. एकच छोटी कडी हजारो वेळा एकीला एक जोडत गेली म्हणजे अशी साखळी होते. तिला पॉलिमर म्हणतात; आपल्या परिभाषेत बहुवारिक. मोर्चात माणसे हातात हात गुंफून चालतात, तेव्हा एकेकट्या माणसाला बाजूला सारणे सोपे असते, पण रांग तुटत नाही. सुताला बळ येते ते याच कारणाने. सुट्या कड्या पाण्यात विरघळून जातील, पण साखळी टिकते.

आज हे आपण सहज बोलतो, पण शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. रबर किंवा कापूस म्हणजे लहान लहान रेणूंचा नुसता गोळा, असे त्यांचे मत होते. हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली लांब साखळीची कल्पना मांडली आणि पुढे अनेक वर्षे त्यांना टीका सोसावी लागली. त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली.

आता झाडाकडे वळू. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातले पाणी घेऊन उन्हाच्या बळावर साखर बनविते. त्या साखरेची, म्हणजे ग्लुकोजची, कडी घेऊन ते दोन प्रकारच्या साखळ्या ओवते. एक स्टार्च, म्हणजे आपली पेज आणि खळ. दुसरी सेल्युलोज, म्हणजे कापूस आणि लाकडातला मुख्य अंश. दोन्हींत कडी तीच. फरक आहे तो जोडणीचा. स्टार्चमध्ये सर्व कड्या एकाच बाजूने जोडलेल्या असल्यामुळे साखळी वळत जाते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढची कडी उलटी बसते, म्हणून साखळी सरळ राहते आणि अशा अनेक सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात. एवढ्याशा फरकाने केवढा पालट होतो पाहा. भात आपण पचवितो. धोतर पचवू शकत नाही. सेल्युलोज हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी १८३८ साली वनस्पतींतून वेगळे करून दाखविले.

मुंबईच्या गिरण्यांत या दोन भावंडांची रोज गाठ पडे. साइझिंग खात्यात ताण्याच्या सुताला खळ देत, म्हणजे मागावरचे घर्षण सोसताना सूत तुटू नये. सेल्युलोजवर स्टार्चचा लेप छान बसतो, कारण दोघांची जात एक. खळ देणाऱ्या कामगाराला हे शास्त्र कोणी सांगितले नव्हते, पण खळ किती दाट हवी हे त्याच्या बोटांना ठाऊक होते.

वाट जुनीच आहे

आज वनस्पतीपासून प्लॅस्टिक ही नवलाची बातमी म्हणून छापली जाते. वस्तुतः मनुष्याने कारखान्यात जी पहिली बहुवारिके घडविली ती वनस्पतीपासूनच घडविली. रबर हा झाडाचा चीक. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली तो गंधकाबरोबर तापविला, तेव्हा गंधकाने साखळ्यांमध्ये आडवे दुवे बांधले आणि उन्हात चिकट होणारे, थंडीत ठिसूळ होणारे रबर कामाचे झाले. लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी सेल्युलोजपासून केलेल्या वस्तू मांडल्या. १८७० साली अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणाचे, म्हणजे सेल्युलॉइडचे, पेटंट घेतले. त्यातून फण्या झाल्या, बाहुल्या झाल्या आणि सिनेमाची फिल्म झाली. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस करण्याची रीत काढली आणि कृत्रिम रेशमाचा, म्हणजे रेयॉनचा, मार्ग मोकळा झाला. संपूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लॅस्टिक, बेकलाइट, लिओ बेकलँड यांनी त्यानंतर १९०७ साली बनविले. कोळसा आणि खनिज तेल यांचे राज्य सुरू झाले ते तेथून पुढे.

तेव्हा वनस्पतीकडे जाणे म्हणजे सोडून आलेल्या वाटेवर परत जाणे होय. त्या वाटेवर पूर्वी काय काय घडले हे माहीत असलेले बरे.

सेल्युलॉइड कापसाचे, पण कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की साखळीला असे गट चिकटतात, की जळताना लागणारा प्राणवायू तिच्या पदरीच असतो. तोफेच्या दारूची ही सख्खी बहीण. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या सिनेमाचा अमोल ठेवा जळून गेला. रबर झाडाचे; पण सायकली आणि मोटारींच्या धावांना मागणी वाढली, तेव्हा बेल्जमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी ताब्यातील काँगोमध्ये रानातल्या वेलींचा चीक ठरल्या मापाने आणला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले. तो कारभार १९०८ साली राजाच्या हातून काढून घेण्यात आला. यात झाडाचा किंवा वेलीचा काय दोष? काहीच नाही. दोष मधल्या वाटेवर होता.

गिरणीतला सोमवार

याहून साधे उदाहरण घ्यावयाचे तर आम्ही आमच्या घरचे घेऊ. आमचे वडील गिरणगावात एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तोवर ते त्याच खात्यात राहिले. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी त्यांची छाती आवळल्यासारखी होई, श्वास पुरेना होई. मंगळवारी थोडे बरे वाटे. आई गरम पाणी देई आणि म्हणे, "रविवारी समुद्रावर वारा खाल्लात, तो बाधला." शेजारच्या खोल्यांतही सोमवारी हेच चाले. आम्ही लहान होतो. सोमवार हा खोकल्याचाच वार असतो, असे आम्हांला वाटे.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की, या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारची कुरकुर हीच त्याची पहिली खूण. कापसाच्या धुळीत बोंडाच्या, पानाच्या कचऱ्याचे आणि जंतूंचे अंश असतात. ते फुप्फुसात गेले म्हणजे श्वासनलिका आवळतात. रोज धूळ खाल्ली तर शरीर काही काळ निमूट सोसते. सुट्टीनंतर पुन्हा धूळ गेली की उसळते. वर्षे लोटली की मग सोमवार आणि शनिवार सारखेच होतात आणि दम कायमचा राहतो.

कापसाहून अधिक शुद्ध वनस्पतीजन्य बहुवारिक कोणते? त्यावर कसलेही रसायन चढविलेले नव्हते. तरीही कामगाराची छाती गेली, कारण धूळ ओढून घेणारी यंत्रणा पुरेशी नव्हती.

कृत्रिम रेशमाचा कारखाना

आता आमच्या सांगण्याचा जो गाभा आहे त्याकडे येतो. व्हिस्कोस रेयॉन हा कपडा कापसासारखा मऊ आणि रेशमासारखा झुळझुळीत असतो. तो शुद्ध सेल्युलोजचाच असतो, मातीत कुजतो, झाडापासून होतो. आजच्या भाषेत त्याच्याइतकी हिरवी वस्तू मिळणे कठीण. पण तो होतो कसा ते पाहा.

लाकडातले सेल्युलोज साध्या पाण्यात विरघळत नाही, कारण सरळ साखळ्यांची मिठी सुटत नाही. म्हणून लगदा प्रथम कॉस्टिक सोड्यात भिजवितात. मग मोठ्या बंद पिंपात त्यावर कार्बन डायसल्फाइड नावाचा द्रव सोडतात. तो साखळीला जागोजागी चिकटतो आणि मिठी सैल होते. नारिंगी रंगाचा चुरा तयार होतो. तो सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळविला की मधासारखा दाट रस होतो, हाच व्हिस्कोस. हा रस बारीक छिद्रांच्या चकतीतून गंधकाच्या आम्लात सोडला की कार्बन डायसल्फाइड सुटून जाते आणि सेल्युलोज पुन्हा मूळ रूपात, पण आता अखंड धागा होऊन, बाहेर येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. ते साखळी सैल करण्यापुरते येते आणि काम झाले की निघून जाते. म्हणून गिऱ्हाइकाला त्याचा उपद्रव नाही. लुगडे नेसणाऱ्या बाईला ते कधी भेटतच नाही. मग ते जाते कोठे? ओढून परत धरले नाही तर ते कताईच्या खात्यातल्या हवेत जाते आणि त्या हवेत जो उभा आहे त्याच्या शरीरात जाते.

हे विष काय करते हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पॅरिसमधील वैद्य ओग्युस्त देलपेश यांनी १८५६ साली रबराच्या कारखान्यांतील कामगारांविषयी लिहिले होते. तेथे हाच द्रव रबरावर वापरीत. झोप उडणे, भयंकर स्वप्ने, अकारण संताप, हातापायांतले बळ जाणे ही लक्षणे त्यांनी नोंदविली. अमेरिकेत डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९३८ च्या सुमारास रेयॉन कामगारांची पाहणी घडवून आणली आणि तीच लक्षणे पुन्हा पुढे मांडली. १९६८ साली ब्रिटनमधील एका अभ्यासाने दाखविले की, या कामगारांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाणही अधिक आहे. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात सरकारला कळवावयाच्या रोगांच्या यादीत या विषबाधेचे नाव होते. परंतु यादीत नाव असणे वेगळे आणि कामगाराच्या केसपेपरवर ते लिहिले जाणे वेगळे.

हे आम्ही का सांगतो? सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका रेयॉन कारखान्यातील कामगाराची पत्नी आमच्या कचेरीत आली. तिचा नवरा कताई खात्यात होता, शांत स्वभावाचा म्हणून सर्वांना माहीत होता. तो अलीकडे मुकादमाशी भांडला होता, एकदा सहकाऱ्यावर धावून गेला होता, आणि त्याच्यावर चौकशी बसली होती. "भाऊ," ती म्हणाली, "लोक म्हणतात हे दारू घेतात. देवाशपथ घेत नाहीत हो. रात्री ओरडत उठतात. घरी आले की ओळखीचे वाटत नाहीत." आम्ही काय म्हणालो ते आजही आठवते. म्हणालो, "वहिनी, आम्ही त्यांना समजावतो." आणि खरोखरच त्या माणसाला बोलावून आम्ही व्यसनमुक्तीचा उपदेश केला! तो खाली मान घालून ऐकत राहिला.

देलपेश यांची लक्षणे आम्ही वाचली ती त्यानंतर दोन वर्षांनी. पुस्तक बंद करून बराच वेळ तसेच बसलो. तोवर तो नोकरी सोडून गावी गेला होता. पुढे आम्ही मागणी केली की कताईच्या यंत्रांना झाकणे बसवा, वायू जेथे सुटतो तेथेच ओढून घ्या, हवेचे मोजमाप फलकावर लावा, वर्षातून दोनदा तपासणी करा. प्रथम मिळाले ते मास्क, आणि पाळीपाळीने खाते बदलण्याची सवलत. खाते बदलल्याने एकाच्या वाट्याचे विष चौघांत वाटले जाते, कमी होत नाही, हे पटवून देण्यात आणखी काळ गेला. झाकणे बसली, पण उशिरा, आणि सर्व यंत्रांना नाही. त्या वहिनींना आम्ही पत्र लिहिले, चूक कबूल केली. उत्तर आले नाही. ते यावे अशी अपेक्षाही आम्हांला करता येत नाही.

अशीच कथा दक्षिण कोरियात फार मोठ्या प्रमाणावर घडली. वोनजिन रेयॉन या कारखान्यात जपानमधून आणलेली वापरलेली यंत्रे होती. १९८० नंतरच्या काळात तेथील कामगारांचे आजार उघडकीस येऊ लागले आणि पुढे शेकडो जणांना विषबाधा झाल्याचे मान्य करावे लागले. १९९१ साली एका मृत कामगाराची शवपेटी सोबत्यांनी कित्येक आठवडे कारखान्याच्या दाराशी ठेवून न्याय मागितला. १९९३ साली कारखाना बंद झाला. नुकसानभरपाईच्या लढ्यातून कामगारांनी आपले रुग्णालय उभे केले. आणि ती यंत्रे? ती चीनला विकण्यात आली.

या वाटेला पर्याय नाही असे मात्र कोणी समजू नये. कार्बन डायसल्फाइड ओढून, थंड करून किंवा कोळशावर शोषून परत वापरता येते. शिवाय लायोसेल नावाची दुसरी रीत १९९० नंतर कारखान्यांत रूढ झाली. तीत लगदा एका अमाइन ऑक्साइडमध्ये सरळ विरघळवितात आणि तो द्रावक नव्याण्णव टक्क्यांहून अधिक परत मिळवितात. त्याचेही तापमान सांभाळावे लागते. फार चढले तर धोका असतो. पण कामगाराच्या मेंदूवर घाला घालणारा वायू त्यात नाही. लाकूड तेच, धागा तोच, मधली वाट निराळी.

आजची पिशवी

आता त्या मिठाईच्या पिशवीकडे परत येऊ. जगात आज दरवर्षी चाळीस कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिक होते आणि वनस्पतीजन्य किंवा कुजणाऱ्या प्लॅस्टिकचा वाटा त्यात एक टक्काही नाही. पण तो वाढावा असे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यात तथ्य आहे. खनिज तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. तो जाळला की हवेत नव्याने भर पडते. झाडातला कार्बन त्याच हवेतून काल घेतलेला असतो. हा लाभ खरा आहे, जरी खत, पाणी आणि कारखान्याची वीज यांचा खर्च त्यातून वजा करावा लागतो.

येथे दोन प्रश्न लोक एकच समजतात. वस्तू कशापासून झाली हा एक, आणि ती कुजते का हा दुसरा. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन करतात. ते उसाचे खरे, पण त्याची साखळी तेलाच्या पॉलिथीनसारखीच हुबेहूब. म्हणून तेही कुजत नाही. एरंडेलापासून नायलॉन ११ होते. त्याचा एरंड बहुतांशी आपल्या शेजारच्या गुजरातेतला. त्याच्या नळ्या मोटारींत इंधनासाठी वापरतात, आणि त्या कुजू नयेत हीच तर अपेक्षा असते. उलट पीबीएटी नावाचे बहुवारिक मुख्यतः खनिज तेलापासून करतात, पण ते कुजते. बाजारातल्या कितीतरी कुजणाऱ्या पिशव्यांत तेच स्टार्चबरोबर मिसळलेले असते.

सर्वांत नावाजलेले आहे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेवर जंतू सोडून लॅक्टिक आम्ल करतात. दह्याचा आंबटपणा तो हाच. त्या आम्लाच्या कड्या जोडून साखळी करतात. पुण्याजवळ जेजुरी येथे २०२४ साली अशा बहुवारिकांचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू झाला, तेव्हा हा विषय आता आपल्या अंगणात आला आहे. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून उकळता चहा त्याच्या साध्या पेल्यात ओतला तर पेला वाकडा होतो. आणि ते कुजते ते अशाच साठ अंशांच्या आसपास तापणाऱ्या, ओलावा राखलेल्या मोठ्या खतखान्यात. गटारात, नदीत किंवा घरामागच्या उकिरड्यात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हा कुजणाऱ्या पिशव्यांना मानकाची अट ठेवून मुभा राहिली. ती मुभा सार्थ व्हायची तर गावाचा ओला कचरा वेगळा निघाला पाहिजे आणि तसा खतखाना गावाजवळ असला पाहिजे. नाही तर कुजणारी पिशवी न कुजताच नाल्यात तुंबते.

आणि मधली वाट? उसाच्या साखरेचे प्लॅस्टिक करावयाचे तर त्याची पहिली कडी उसाच्या फडात आहे. तेथे मराठवाड्यातून आलेले जोडपे मुकादमाची उचल घेऊन राबते आणि दोघा माणसांची गणती एक कोयता म्हणून होते. आपल्या राज्यात पिकाखालील जमिनीचा लहानसा हिस्सा उसाकडे आहे, पण पाटाच्या पाण्याचा फार मोठा. उसाच्या चिपाडाच्या थाळ्या आज लग्नकार्यात सर्रास दिसतात. त्या चांगल्या आहेत, टाकाऊतून झालेल्या आहेत. पण बुरशी आलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसात गेली तर बॅगॅसोसिस नावाचा रोग होतो, हेही वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. चिपाड नीट वाळविले, भिजवून हाताळले आणि धूळ ओढून घेतली तर तो टळतो. म्हणजे पुन्हा गोष्ट यंत्रणेवरच येते.

तीन प्रश्न

यावरून आम्ही वनस्पतीजन्य मालाच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये. खनिज तेलाच्या कारखान्यांनी कामगारांचे काही भले केले आहे असा आमचा अनुभव नाही. वनस्पतीकडे जाणे अगत्याचे आहे. परंतु माल हातात घेताना तीन प्रश्न विचारावेत. हा कोठून आला? हा कोठे जाणार? आणि या दोहोंच्या मध्ये तो कोणाच्या हातून, कोणत्या हवेतून गेला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पिशवीवर हिरव्या पानाशेजारी छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मानकाच्या क्रमांकात आणि आपल्या नगरपालिकेच्या खतखान्यात शोधावे लागते. तिसरे उत्तर कोठेही छापलेले नसते. ते कामगाराला विचारावे लागते, आणि कामगारालाही ते पुष्कळदा सांगितलेले नसते.

त्या तरुण सभासदाला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "बाबा रे, झाडाची असो की तेलाची, तापलेल्या मालाची वाफ नाकात जायला नको. पिशवीत नुसती साखळी नसते. रंग असतो, मऊ करणारी द्रव्ये असतात. उद्या सुपरवायझरकडे त्या दाण्यांचे सुरक्षा माहितीपत्रक माग. प्रत्येक मालाबरोबर ते येत असते. आणि यंत्रावरचा पंखा हवा ओढून बाहेर टाकतो की नुसती इकडची तिकडे ढवळतो, ते अगरबत्ती लावून पाहा."

त्याने अगरबत्ती लावली. धूर बाहेर न जाता त्याच्याच तोंडाकडे आला. माहितीपत्रक इंग्रजीत निघाले. ते मराठीत करून आम्ही कारखान्याच्या फलकावर लावले आहे, आणि पंख्याची दिशा बदलण्याचा अर्ज व्यवस्थापनाकडे दिला आहे. या व्याख्यानाच्या दिवसापर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.

आपण सारे गिऱ्हाईक आहात. पुढच्या वेळी असे हिरवे पान छापलेली पिशवी हाती आली, तर दुकानदाराला एवढेच विचारा की ही करणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखा कोणत्या दिशेने फिरतो. त्याला सांगता येणार नाही. पण चार गिऱ्हाइकांनी विचारले तर तो पुढे कोणाला तरी विचारील, आणि तो प्रश्न कधी तरी कारखान्यापर्यंत पोहोचेल. आमच्या अर्जाला तेवढीच मदत होईल.